आमदारांमार्फत विधानसभेत प्रश्न कसा विचारून घ्यावा

विधानसभेत मंत्री जे उत्तर वाचून दाखवतात ते बहुतेक वेळा त्यांनी स्वतः लिहिलेले नसते. विधानमंडळ सचिवालयाने प्रश्न स्वीकारला की तो मंत्रालयातील संबंधित विभागाच्या कार्यासनाकडे जातो. तेथून तो संचालनालयाकडे किंवा आयुक्तालयाकडे, मग जिल्ह्याकडे आणि शेवटी तालुक्याच्या कार्यालयातील एखाद्या लिपिकाच्या टेबलावर ‘अधिवेशन, अतितातडीचे’ अशा शेऱ्यासह येऊन पडतो. त्या लिपिकाने नोंदवही उघडून जे लिहिले तेच, वाटेत थोडे गुळगुळीत होत, सभागृहाच्या पटलावर पोचते. म्हणून प्रश्न लिहिताना डोळ्यांसमोर मंत्री ठेवण्याऐवजी तो लिपिक ठेवावा. त्याला कोणती नोंदवही उघडावी लागेल हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या प्रश्नाला कामाचे उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते.

प्रश्न विचारण्याचा अधिकार सदस्यांचा आहे, नागरिकांचा नाही. संविधानाच्या अनुच्छेद १६४ नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते आणि प्रश्नोत्तराचा तास हे त्या जबाबदारीचे रोजच्या कामकाजातील रूप आहे. तरीही आमदारांच्या नावे जाणाऱ्या प्रश्नांचे मूळ पुष्कळदा गावातील शिक्षक, कार्यकर्ते, वार्ताहर किंवा आरोग्यसेविका यांनी आणून दिलेल्या कागदांत असते. तो कागद कसा तयार करावा, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

पहिली गोष्ट वेळेची. महाराष्ट्र विधानमंडळाची साधारणतः तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत भरते, तर हिवाळी अधिवेशन १९५३ च्या नागपूर कराराच्या परंपरेने नागपुरात भरते. प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या कितीतरी आधी स्वीकारल्या जातात. त्यामुळे अधिवेशनाच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकू लागल्यावर आमदारांच्या कार्यालयात धाव घेणाऱ्या माणसाची तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या) प्रश्नाची गाडी तोवर सुटलेली असते. निदान दोन महिने आधी कागद तयार असावा, आणि तो आमदारांच्या हाती देण्यापेक्षा त्यांच्या स्वीय सहायकांच्या हाती द्यावा. आमदार कागद खिशात ठेवतात, तर स्वीय सहायक तो फाइलला लावतात.

प्रश्न कोणामार्फत जावा याचाही विचार करावा. विधानसभेत २८८ सदस्य आहेत. आपल्या मतदारसंघाचे आमदार सत्ताधारी पक्षाचे असले तरी त्यांना प्रश्न विचारता येतो आणि ते विचारतातही. ते स्वतः मंत्री असतील तर मात्र मार्ग बदलावा लागतो. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांतून आणि ७ पदवीधर मतदारसंघांतून येतात. शाळांचे अनुदान, शिक्षकांची रिक्त पदे किंवा निवृत्तिवेतन यांसारखे विषय शिक्षक आमदारांकडे नेल्यास त्यांना पार्श्वभूमी समजावून सांगावी लागत नाही. एकाच विषयावर अनेक सदस्यांच्या सूचना आल्यास त्या एकत्र करून सर्वांची नावे प्रश्नाखाली छापली जातात. म्हणून तोच मसुदा दोन-तीन सदस्यांकडे देण्यात गैर काहीच नाही. उपप्रश्न, म्हणजे मंत्र्यांच्या उत्तरावर तिथल्या तिथे पुढचा प्रश्न, विचारणारे तोंड त्यामुळे वाढते.

प्रश्नाचा प्रकार ठरवणे हे त्यानंतरचे काम आहे. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर दिले जाते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. तारांकिताचा मोह सर्वांनाच होतो, पण तासाभरात यादीतील हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच प्रश्न पुकारले जातात आणि बाकीच्यांची उत्तरे छापील यादीतच राहतात. आकडेवारी, तालुकानिहाय तक्ते किंवा निधीचा वर्षवार हिशेब हवा असेल तर अतारांकित प्रश्नच बरा, कारण त्याचे उत्तर सविस्तर येऊ शकते आणि पुढे पुरावा म्हणून वापरता येते. मंत्र्यांकडून शब्द घ्यायचा असेल तरच तारांकिताचा आग्रह धरावा. अधिवेशन चालू असताना एखादी तातडीची घटना घडली, पूल कोसळला किंवा दूषित पाण्याने गाव आजारी पडले, तर विधानसभा नियम १०५ अन्वये लक्षवेधी सूचना देता येते. तीत मंत्री आधी निवेदन करतात आणि मग सदस्य प्रश्न विचारतात. स्थानिक विषयाकडे दोन मिनिटांत लक्ष वेधायचे असेल तर औचित्याचा मुद्दा आहे.

आता मसुदा. येथेच सर्वाधिक प्रश्न फसतात, म्हणून येथे थोडे रेंगाळणे भाग आहे.

समजा, एका तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाहीत. सपाट प्रदेशात साधारण ३०,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र असावे असा निकष आहे, म्हणजे एक रिकामी खुर्ची वीस-तीस हजार माणसांना जाणवते. संतापलेला कार्यकर्ता लिहितो, ‘तालुक्यातील आरोग्य सेवा पूर्णपणे कोलमडली असून रुग्णांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय?’ याचे उत्तर ठरलेले आहे, ‘हे खरे नाही’, आणि ते देणारा खोटेही बोलत नाही, कारण ‘पूर्णपणे’ काहीच कोलमडलेले नसते. एखादी परिचारिका तरी तेथे हजर असतेच. याउलट विधानमंडळाच्या रुळलेल्या भाषेत तोच प्रश्न असा लिहिता येतो.

‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) अमुक तालुक्यातील तमुक येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे एक पद अमुक दिनांकापासून रिक्त असल्याचे माहे जूनमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) उक्त केंद्रातून मागील बारा महिन्यांत प्रसूतीसाठी अन्य रुग्णालयांकडे पाठवण्यात आलेल्या महिलांची महिनानिहाय संख्या किती, (३) सदर पद भरण्यासाठी शासनाने कोणत्या दिनांकास कोणती कार्यवाही केली, (४) कार्यवाही केली नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

‘वा त्यादरम्यान’ हे दोन शब्द क्षुल्लक वाटतात, पण तारखेत चार दिवसांची चूक झाली तरी त्या शब्दांमुळे प्रश्न तरून जातो. दुसऱ्या भागाची सुरुवात ‘असल्यास’ या शब्दाने केलेली नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. जुन्या वळणाच्या मसुद्यांत प्रत्येक भाग ‘असल्यास’ने सुरू होतो. त्यामुळे पहिल्या भागाला ‘नाही’ असे उत्तर आले की पुढील सर्व भागांसमोर एकच वाक्य छापले जाते, ‘प्रश्न उद्भवत नाही’. साखळीतील पहिली कडी तुटली की सगळी साखळी हातातून जाते. निदान एक भाग तरी असा असावा की पहिल्याचे उत्तर काहीही आले तरी त्याला स्वतंत्र उत्तर द्यावेच लागेल.

हा धडा मी स्वतः चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या धोकादायक वर्गखोल्यांविषयी तयार केलेल्या मसुद्यात मी गावकऱ्यांच्या सांगण्यावरून पाच खोल्या असे लिहिले. कागदोपत्री चारच खोल्या धोकादायक ठरल्या होत्या. उत्तर आले, ‘हे खरे नाही’, आणि पुढील तिन्ही भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. चार खोल्यांची भिंत कधीही पडेल अशी स्थिती होती, तरी सभागृहाच्या नोंदीत ती शाळा ठणठणीत राहिली. तेव्हापासून एका भागात एकच तथ्य आणि तेही कागदावर असलेलेच, हा नियम मी मोडलेला नाही.

तो कागद मिळवण्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हे सर्वांत हाताशी असलेले साधन आहे. सर्वसाधारण अर्जाला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, म्हणून अर्ज अधिवेशनाच्या तीन-चार महिने आधी गेलेला असावा. याच अधिनियमाच्या कलम ८(१) मध्ये २०२५ पर्यंत एक लक्षात ठेवण्याजोगे परंतुक (कलमाला जोडलेली अट) होते. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे ते सांगत असे. आता त्याचा आधार राहिलेला नाही, म्हणून कार्यालय टाळाटाळ करू लागले तर पहिले अपील त्याच्याशिवायच करावे. अर्ज करण्यापूर्वी विधानमंडळाच्या संकेतस्थळावरील जुन्या प्रश्नोत्तरांच्या याद्या चाळाव्यात, कारण त्याच विषयावर नुकतेच उत्तर दिले गेले असेल तर नवा प्रश्न नाकारला जाऊ शकतो.

नाकारला जाण्याची इतर कारणेही माहीत असावीत. न्यायप्रविष्ट बाब, केवळ मत किंवा अनुमान विचारणारा प्रश्न, उपरोध आणि आरोपांनी भरलेली वाक्ये, व्यक्तीच्या खासगी चारित्र्याविषयीचे उल्लेख आणि राज्य शासनाच्या कक्षेबाहेरचा विषय हे सारे गाळले जाते. रेल्वेचा थांबा हवा असेल तर आमदारांना त्रास देऊन उपयोग नाही. तो प्रश्न खासदारांकडे न्यावा. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात आणि त्यांचा क्रम सोडतीने ठरतो, म्हणून तेथे नशिबाचा भाग अधिक.

प्रश्न स्वीकृत झाल्याचे कळले की उपप्रश्नांची चिठ्ठी तयार करावी. अर्ध्या पानापेक्षा मोठी चिठ्ठी सभागृहात कोणी वाचत नाही. तीन उपप्रश्न, ठळक आकडे आणि मूळ कागदाचा दिनांक एवढे पुरे. मंत्र्यांच्या छापील उत्तरात सर्वांत मऊ वाक्य कोणते आहे ते शोधून उपप्रश्न तेथेच रोवावा. ‘पद भरण्याची कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर असेल तर ‘का सुरू नाही’ असे विचारून भाषणाला वाव देऊ नये. ‘ती कोणत्या दिनांकापर्यंत पूर्ण होईल’ एवढेच विचारावे. ‘सभागृहाच्या भावना लक्षात घेऊन तपासून पाहू’ हे वाक्य ऐकायला गोड असते, पण त्यात तारीख नसते. ती तारीख काढून घेणे हेच उपप्रश्नाचे काम.

उपप्रश्नाची ताकद किती असते याचा दाखला म्हणून १९५७ चे मुंदडा प्रकरण आजही सांगण्याजोगे आहे. आयुर्विमा महामंडळाने एका उद्योगपतीच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवल्याविषयी लोकसभेत प्रश्न आला आणि सरकारने गोलमोल उत्तर दिले. सत्ताधारी पक्षाचेच खासदार असलेल्या फिरोज गांधी यांनी ते धरून ठेवले आणि डिसेंबरमध्ये सभागृहात त्यावर चर्चा झाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पद सोडावे लागले. प्रत्येक प्रश्न एवढा लांब जात नाही, जाण्याची गरजही नसते. आपल्याला केंद्रात डॉक्टर हवा आहे.

या सगळ्यात पैशाचा संबंध कोठेही येता कामा नये. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये संसदेच्या ११ सदस्यांची हकालपट्टी झाली. प्रतिस्पर्धी कंत्राटदाराचे काम अडवण्यासाठी ‘सार्वजनिक हिताचा’ कागद पुढे करणारी माणसेही प्रत्येक तालुक्यात भेटतात. असा कागद आपल्या हातून आमदारांकडे एकदा जरी गेला तरी पुढच्या वेळी आपला खरा कागद बाजूला पडतो.

उत्तर आल्यानंतर छापील यादीतील ते पान जपून ठेवावे. उत्तराखालचा प्रश्न क्रमांक आणि दिनांक वहीत टिपावा आणि मंत्र्यांनी तोंडी काय कबूल केले ते सभागृहाच्या कार्यवाहीतून उतरवून घ्यावे. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. त्यामुळे मंत्र्यांच्या तोंडचे नेमके शब्द आमदारांमार्फत समितीच्या निदर्शनास आणता येतात. उत्तरातील तपशील जागेवरच्या स्थितीशी जुळत नसेल तर छायाचित्र, हजेरीपटाची प्रत आणि ग्रामसभेचा ठराव जोडून आमदारांना कळवावे. चुकीची माहिती हेतुपुरस्सर दिल्याचे दिसले तर हक्कभंगाचा मार्ग सदस्यांना मोकळा असतो, आणि त्याच्या नुसत्या उल्लेखाने मंत्रालयातील दूरध्वनी तालुक्यात खणखणू लागतात असा माझा अनुभव आहे.

दिलेली तारीख उलटली तर पुढील अधिवेशनासाठी नवा मसुदा करावा. त्याच्या पहिल्या भागात आपली तक्रार न मांडता शासनाचेच वाक्य ठेवावे : ‘अमुक दिनांकास तारांकित प्रश्न क्रमांक अमुकला दिलेल्या उत्तरात उक्त पद तीन महिन्यांत भरण्यात येईल असे सांगण्यात आले होते, हे खरे आहे काय?’ तालुक्याच्या त्या लिपिकाला यासमोर ‘हे खरे नाही’ असे लिहिता येत नाही.