घराण्याचा शाप कसा रचावा: केल्टिक लोककथांवर कुमार कादंबरी लिहिताना

केल्टिक लोककथांवर बेतलेली कुमारांसाठीची अद्भुतकथा लिहायला घेणारे बरेच जण धुके, दगडांची वर्तुळे आणि ओकची जंगले येथून सुरुवात करतात आणि घराण्याचा शाप मागाहून चिकटवतात. हा क्रम उलटा करावा. आयर्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या जुन्या कथांत शाप बहुधा एखाद्या अन्यायाची वसुली म्हणून येतो. म्हणून पहिले प्रकरण लिहिण्यापूर्वी कोणी, कोणाचे, काय बुडवले आणि त्या वेळी आजूबाजूला कोण गप्प उभे होते, हे लेखकाने एका परिच्छेदात स्वतःपुरते लिहून काढावे.

याचा उत्तम नमुना आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातल्या माखा या स्त्रीच्या कथेत आहे. आपली बायको राजाच्या घोड्यांपेक्षा वेगाने धावते, अशी बढाई तिचा नवरा राजाच्या सभेत मारतो. राजा तिला बोलावून शर्यतीत उभे करतो. तिचे दिवस भरलेले असतात; बाळंत होईपर्यंत थांबा, तुम्हालाही आईनेच जन्म दिला आहे, असे ती जमलेल्या लोकांना विनवते, पण कोणीही मध्ये पडत नाही. ती धावते, जिंकते, तिथेच जुळ्यांना जन्म देते आणि अल्स्टरच्या पुरुषांना शाप देते, की ऐन संकटाच्या वेळी तुम्हाला बाळंतिणीच्या कळा येतील आणि हे नऊ पिढ्या चालेल. आर्मा शहराजवळच्या एवन माखा, म्हणजे 'माखाची जुळी', या ठिकाणाचे नाव या जुळ्यांवरून पडले, असे ही कथा सांगते. लेखकाने येथे तीन गोष्टी टिपाव्यात. शापाचा आकार गुन्ह्याच्याच आकाराचा आहे, त्याला मुदत आहे, आणि तो बढाईखोर नवऱ्यापुरता न राहता गप्प बसलेल्या सगळ्यांवर पडला आहे. कुमारवयीन नायकासाठी ही तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगी ठरते, कारण आपण न केलेल्या गोष्टीचे ओझे आपल्यावर का, हा त्या वयाचा खरा प्रश्न असतो.

अन्याय ठरला की शापाची कलमे ठरवावीत. आयरिश कथांत यासाठी 'गेश' नावाची सोय आहे. गेश म्हणजे एखाद्या व्यक्तीवर जन्मभरासाठी लादलेला निषेध. कूखुलिन या वीराच्या नावाचा अर्थच 'कुलनचा कुत्रा', त्यामुळे कुत्र्याचे मांस खाणे त्याला निषिद्ध होते; शिवाय चुलीपाशी कोणी देऊ केलेले अन्न न घेता पुढे जाणेही निषिद्ध होते. शेवटच्या लढाईला जाताना वाटेत म्हाताऱ्या बायका कुत्रा भाजत बसलेल्या भेटतात आणि त्याला घास घ्यायचा आग्रह करतात. एक नियम पाळायचा तर दुसरा मोडतो. कथानक या कात्रीतून जन्माला येते. एकच नियम असेल तर नायकाला नुसते जपून वागले की पुरते.

उदाहरणादाखल आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यातली चौदा वर्षांची मेव्ह घेऊ. तिच्या घराण्याला दोन निषेध आहेत असे मानू: दिवेलागणीनंतर दारात पाणी मागणाऱ्याला रिकामे परत पाठवायचे नाही, आणि साविन या जुन्या केल्टिक सणाच्या रात्री, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, शेतातल्या विहिरीचे पाणी काढायचे नाही. पहिला नियम आजीने लाडाने सांगितलेला असावा. दुसरा कोणीच सांगितलेला नसावा, फक्त त्या दिवशी विहिरीवरचा दोर दिसेनासा होत असावा. मग त्या रात्री नळ कोरडा पडतो आणि दार वाजते. दोन्ही नियम एकाच प्रकरणात, एकाच म्हाताऱ्याच्या तोंडून सांगून टाकण्याचा मोह मात्र टाळावा.

वेल्सच्या कथांत आरियानरॉड स्वतःच्या मुलाला शापते, की मी नाव ठेवीन तेव्हाच तुला नाव मिळेल. मग वेष बदलून आलेला मुलगा तिच्या देखत एका चिमुकल्या पक्ष्याला अचूक नेम मारतो आणि ती नकळत त्याच्या कुशल हाताची वाखाणणी करते. तेच त्याचे नाव होते. आपल्या पुराणांत विनवणी केली की शाप देणाराच बहुधा उःशाप देतो. या वेल्श कथेत मात्र सुटका शब्दांच्या फटीतून काढावी लागते, म्हणून शापाचे शब्द वकिलाच्या काटेकोरपणे लिहावेत.

बॅनशी या आयरिश लोककथांतल्या अलौकिक स्त्रीबाबत एक चूक वारंवार होते. ती कोणाला मारत नाही. जुन्या आयरिश घराण्यांतल्या माणसाच्या मृत्यूची चाहूल लागली की ती आक्रोश करते. वाटेत पडलेली फणी उचलू नये, ती तिची असू शकते, असा समज आहे. कोणी ती घरी आणली, तर रात्री खिडकीशी रडणे सुरू होते. फणी हाताने न देता चुलीच्या चिमट्यात धरून बाहेर द्यावी लागते आणि चिमटा परत येतो तो वाकलेला. कित्येक पानांच्या राक्षसवर्णनापेक्षा तो वाकडा चिमटा अधिक भीती देतो.

असे तपशील मिळवण्यासाठी आयर्लंडमधला शाळांचा लोककथासंग्रह वाचावा. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० शाळांतल्या अंदाजे ५०,००० मुलांनी घरच्या आणि शेजारच्या वृद्धांकडून ऐकलेल्या गोष्टी लिहून काढल्या. त्या आता संकेतस्थळावर पाहता येतात. मुले जवळजवळ आपल्या वाचकांच्याच वयाची आहेत आणि परीलोकाबद्दल ती हवापाण्याबद्दल बोलावे तितक्या सहज लिहितात. तो सूर उचलावा. ही श्रद्धा धूसर भूतकाळातली आहे असेही समजू नये: १९९९ मध्ये क्लेअरमधल्या लाटून येथे रस्त्याच्या आड येणारे परीचे काटेरी झाड वाचावे म्हणून कथाकार एडी लेनिहन यांनी मोहीम चालवली आणि ते झाड राखले गेले.

नावांचा धसका घेऊ नये. आयरिश लिपीविन्यास इंग्रजी वाचकाला छळतो, देवनागरीत मात्र उच्चार ऐकून थेट 'नीव्ह', 'ईफा', 'शिवॉन' असे लिहिता येते.

शेवट करताना लिरच्या मुलांची आयरिश कथा जवळ ठेवावी. सावत्र आईच्या शापाने हंस झालेली ती चार भावंडे तीन पाणवठ्यांवर ९०० वर्षे काढतात. शाप सुटतो तेव्हा त्यांचे देह जख्ख म्हातारे झालेले असतात. मेव्हच्या कादंबरीला इतका कठोर शेवट लागणार नाही, पण शाप सुटल्यावर विहिरीचे पाणी पूर्वीसारखेच गोड लागते की नाही, हे लेखकाने पहिले प्रकरण लिहितानाच ठरवलेले असावे.