मायएसक्यूएलचं इन्स्टॉलेशन अडकलंय? या चुका टाळा

उबुंटू या लिनक्सवर मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर टाकायला घेतला, डाउनलोड नीट झालं आणि शेवटी लाल अक्षरांत 'सबप्रोसेस रिटर्न्ड एरर एक्झिट स्टेटस 1' असं आलं, की बहुतेक जण हीच ओळ उचलून गुगलवर टाकतात. या ओळीतून हाती काही लागत नाही. फाइल्स डिस्कवर उतरलेल्या असतात, पॅकेजही उलगडलेलं असतं. फक्त त्यानंतर सर्व्हर सुरू करायला गेलं तर तो उठत नाही, एवढाच तिचा अर्थ. म्हणून तीच कमांड पुन्हा पुन्हा मारून पदरात काही पडत नाही. तो का उठत नाही, हे मायएसक्यूएलच्या एरर लॉगमध्ये (चुकांच्या नोंदींची फाइल) किंवा सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल कमांडमध्ये सापडतं. तिथेही शेवटची ओळ सोडा. 'एरर' शब्द पहिल्यांदा जिथे येतो, ती ओळ वाचा.

'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' दिसलं तर 3306 पोर्टवर, म्हणजे मायएसक्यूएलच्या नेहमीच्या नेटवर्क क्रमांकावर, आधीच कुणीतरी बसलंय: जुनं मारियाडीबी (मायएसक्यूएलचाच भाऊबंद), एक्सएएमपीपी नाहीतर विसरलेला डॉकर कंटेनर. 'नो स्पेस लेफ्ट' दिसलं तर डिस्क बघा, आणि जागा शिल्लक दिसत असेल तर आयनोड, म्हणजे फाइल्सच्या नोंदींच्या जागा, संपल्यात का तेही बघा. लॉग मध्येच तुटलेला असेल आणि सर्व्हर 512 एमबी रॅमचा स्वस्तातला असेल, तर कर्नलनेच मेमरीअभावी प्रोसेस मारली असण्याची दाट शक्यता. एक जीबी स्वॅप, म्हणजे रॅमला डिस्कवरची जोड, देऊन बघा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जुन्या डेटाचा. 'काढून टाकलं आणि परत टाकलं, तरी तोच एरर', असं ज्यांचं म्हणणं असतं, त्यांनी खरं तर काहीच काढलेलं नसतं. उबुंटूत 'मायएसक्यूएल-सर्व्हर' हे नुसतं नावापुरतं पॅकेज आहे. खरा सर्व्हर 'मायएसक्यूएल-सर्व्हर-8.0' सारख्या, आवृत्तीचा आकडा असलेल्या पॅकेजात असतो. वरचं नाव रिमूव्ह केलं की खालचा मुक्कामाला तसाच. तो काढला तरी व्हार-लिब मधलं डेटाचं फोल्डर जागेवरच राहतं. त्यात 8.4 या पुढच्या आवृत्तीचा किंवा मारियाडीबीचा डेटा पडलेला असेल, तर 8.0 त्याला हात लावत नाही. लॉगमध्ये 'कॅनॉट डाउनग्रेड' दिसलं की हेच समजायचं. कधी पॅकेज स्वतःच सावध होऊन ईटीसीतल्या मायएसक्यूएल फोल्डरात फ्रोझन नावाची फाइल ठेवतं आणि सर्व्हर सुरूच करत नाही. ती उघडून वाचा, कारण आत लिहिलेलं असतं. आधीच उडवू नका.

इथे पर्जचा, म्हणजे पॅकेज सेटिंग्जसकट पुसून टाकायचा, मोह आवरा. पर्ज करताना डेटाबेसही पुसायचे का, असं विचारलं जातं आणि घाईत 'हो' दाबलं जातं. त्यापेक्षा सर्व्हिस थांबवा, डेटा फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन पुरं करणारी 'डीपीकेजी कॉन्फिगर' ही कमांड चालवा. फोल्डर रिकामं मिळालं की पॅकेज नवं बनवून घेतं. सर्व्हर उठला, तर दोष जुन्या डेटात होता, आणि तो डेटा अजून तुमच्याकडे आहे.

परमिशनचा संशय आला की 777, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, देणारे भरपूर आहेत. कॉन्फिग फाइलला 777 दिलंत तर कुणालाही बदलता येते म्हणून मायएसक्यूएल ती वाचतच नाही, आणि तुमच्या सेटिंग्ज का लागत नाहीत हे शोधत बसायची वेळ येते. डेटा फोल्डरचा मालक 'मायएसक्यूएल' हा युजर असला की झालं. फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवलं असेल तर मालक बरोबर असूनही ॲपआर्मर, म्हणजे उबुंटूचा सुरक्षा पहारेकरी, अडवतो. नवा पाथ त्याच्या प्रोफाइलमध्ये घालावा लागतो.

इन्स्टॉल करताना दुसऱ्या कुणीतरी 'लॉक' धरलाय असा मेसेज आला तर लॉक फाइल डिलीट करायची नाही. मागे आपोआप होणारे अपडेट चालू असतात, थोडं थांबा.

आणि सगळं पार पडल्यावर रूटने लॉगिन करताना 'ॲक्सेस डिनाइड', 1698 आलं, तर ते इन्स्टॉलेशन फसलं म्हणून नाही. उबुंटूत मायएसक्यूएलचा रूट पासवर्डने उघडतच नाही, सिस्टिमचा युजर बघून उघडतो. कमांडच्या पुढे सुडो (ॲडमिनचे हक्क देणारा शब्द) लावा.