उन्हाळ्यात अंड्यावरच्या बटेरांना मिथिओनीन किती द्यावे?

चैत्र-वैशाखात शेड तापली की जपानी बटेरांची भूक मंदावते. एरवी दिवसाला २५ ग्रॅम खाणारी मादी २० ग्रॅमवर येते. खाद्य तेच असले तरी पोटात जाणारी अमिनो आम्ले, म्हणजे मिथिओनीन, लायसिन, थ्रिओनीन यांसारखे प्रथिनांचे घटक, पाचव्या हिश्शाने घटतात. दीड-दोनशे ग्रॅम वजनाची मादी १० ते १२ ग्रॅमचे अंडे घालते, त्यामुळे ही तूट तिला फार दिवस सोसत नाही. आधी अंडे हलके होते, मग अंड्यांची संख्या घटते.

म्हणून आधी खाद्य मोजा. १०० माद्यांचे खाद्य तोलून टाका, दुसऱ्या दिवशी उरलेले आणि सांडलेले वजा करा. तीन दिवसांची सरासरी धरा. बटेर चोचीने खाद्य फार उडवते, त्यामुळे भांडे एक तृतीयांशच भरा, नाहीतर आकडा फसवा येतो.

अंड्यावरच्या बटेरांच्या खाद्यात साधारण २० टक्के प्रथिने, ०.४५ टक्के मिथिओनीन, १ टक्का लायसिन, ०.७४ टक्के थ्रिओनीन आणि २.५ टक्के कॅल्शियम लागते. क्विंटलमध्ये ५५ किलो मका आणि ३३ किलो सोयापेंड घेतली तर प्रथिने आणि लायसिन भागते; मिथिओनीन मात्र ०.३१ टक्क्यावरच अडते. म्हणून एरवी क्विंटलला १४० ग्रॅम डीएल मिथिओनीन (मिथिओनीनची पावडर) घालावे लागते. खाणे २० ग्रॅमवर आले की तेच २५० ग्रॅम करा. सोबत लायसिन हायड्रोक्लोराइड (लायसिनची पावडर) सुमारे २४० ग्रॅम आणि थ्रिओनीन १६० ग्रॅम घाला. एकटे मिथिओनीन वाढवले तर पुढची कमतरता लायसिनची पडते.

अंडी घटली म्हणून पेंड वाढवणे ही उन्हाळ्यातली सर्वांत महागडी चूक. जादा प्रथिने मोडताना अंगात उष्णता तयार होते, पक्षी आणखी धापा टाकतो, आणि विष्ठेतून जाणाऱ्या नत्रामुळे शेडमध्ये अमोनियाचा वास भरतो.

ही पावडर सगळ्या खाद्यात थेट टाकू नका. आधी एक किलो मक्याच्या भरड्यात, मग दहा किलोत, शेवटी सगळ्या खाद्यात मिसळा. गोळा एका जागी राहिला तर काही पक्ष्यांना जादा मिळते, आणि जादा मिथिओनीनने भूक आणखी मरते. ऊन उतरून खाणे पूर्ववत झाले की मात्रा परत १४० ग्रॅमवर आणा.

सोयापेंड महाग म्हणून तिच्यातल्या १० किलोच्या जागी शेंगदाणा पेंड घालायची असेल, तर लायसिन हायड्रोक्लोराइड आणखी १६५ ग्रॅम आणि मिथिओनीन २० ग्रॅम वाढवावे लागेल. बुरशीचा वास येणारी पेंड मात्र फुकट मिळाली तरी नको.

कवच पातळ पडत असेल तर दीड किलो मका कमी करून तेवढा चुनखडीचा चुरा घाला. बटेर बहुतेक अंडी दुपारनंतर, संध्याकाळपर्यंत घालते. पहाटे चारला दिवे लावून थंड वेळेत खाऊ द्या, एकूण उजेड १६ तास ठेवा.

दर आठवड्याला ५० अंडी एकत्र तोला. दोन आठवड्यांत वजन सुधारले नाही तर सोयापेंडीकडे पाहा. जास्त भाजून तपकिरी झालेल्या पेंडीतले लायसिन कागदावर दिसते, पक्ष्याला मिळत नाही. अशी पेंड बदलाच.