बदललेल्या इंजिनाची खातरजमा: माझा अनुभव

माझ्या गाडीचे इंजिन वॉरंटीत बदलून दिल्याचे डीलरने सांगितले, पण जॉबकार्डावर (केलेल्या कामाच्या नोंदपत्रावर) 'इंजिन काम पूर्ण' एवढाच शेरा होता. म्हणून मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील माझ्या परिचयाच्या अनुभवी मिस्त्रींना सोबत घेऊन ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर) कोरलेला क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहिला. तो जुनाच निघाला. बाहेरचा गंजही तसाच होता. मात्र हेडचे, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणासारख्या भागाचे, बोल्ट आणि गॅस्केट (दोन्हींमधील सील) नवे होते, त्यामुळे फक्त वरचा भाग बदलला असावा, असे मिस्त्रींचे मत पडले.

जुना क्रमांक दिसला म्हणजे फसवणूकच झाली असे लगेच मानू नये, कारण सुटा ब्लॉक कधीकधी क्रमांकाविना येतो आणि त्यावर नंतर जुनाच क्रमांक कोरला जातो. खरा निर्णय कामात वापरलेल्या सुट्या भागांच्या यादीवरूनच होतो. मी कंपनीकडे लेखी तक्रार करून ती यादी, भाग क्रमांकांसह, मागितली. यादीत ब्लॉक नव्हताच. तीन आठवड्यांनी पूर्ण इंजिन माझ्यासमोर बसवण्यात आले आणि नवा क्रमांक बिलावर आला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यावी लागते. ते बिल जोडून मी कोल्हापूर आरटीओत अर्ज दिला आणि विमा कंपनीलाही कळवले.