परत पाठवलेला अर्ज: प्रवेश कक्षातला आठवडा आखताना

इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेश कक्षात नवीन लागलात की जुनी माणसं सांगतात, "जशी गर्दी येईल तसं बघायचं." पहिल्या वर्षी मीही तसंच केलं. त्याची किंमत एका मुलीनं मोजली, म्हणून स्पष्ट सांगतो, ते ऐकू नका.

आमच्याकडे छाननी केंद्र होतं. अर्ज उघडायचा, कागद तपासायचे, बरोबर असेल तर कन्फर्म, चूक असेल तर शेरा लिहून उमेदवाराच्या लॉगिनला परत. दिवसाला किती अर्ज हातावेगळे केले ते मी मोजायचो आणि परत पाठवलेलेही त्यातच धरायचो. चुकलो ते तिथेच. परत पाठवलेला अर्ज संपलेला नसतो. मुलानं शेरा वाचला, कागद आणला, अपलोड केला, पुन्हा सबमिट केला आणि आपण पुन्हा तपासला, तर तो संपला. यातली एक पायरी चुकली तरी अर्ज लटकतो आणि आपल्या स्क्रीनवर मात्र काहीच दिसत नाही.

त्या मुलीचं नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र, म्हणजे ओबीसीसारख्या प्रवर्गातून आरक्षण घ्यायला लागणारा दाखला, ३१ मार्चलाच संपलं होतं. मंगळवारी दुपारी मी शेरा लिहिला, "वैध प्रमाणपत्र जोडा", आणि पुढचा अर्ज उघडला. अर्जातला मोबाइल नंबर तिचा नव्हता, गावातल्या सायबर कॅफेवाल्याचा होता. मेसेज त्याला गेला. मुदत शनिवारी संपली. सोमवारी ती वडिलांबरोबर आली, प्लॅस्टिकच्या पिशवीत नवीन दाखला घेऊन. अर्ज कन्फर्मच झालेला नव्हता, कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, गुणवत्ता यादीत नाव येणार नव्हतं. वेळेत एक फोन केला असता तर निदान खुल्या प्रवर्गातून तरी अर्ज पक्का झाला असता. वडील काहीच बोलले नाहीत, पिशवीची गाठ परत मारत राहिले.

तेव्हापासून माझा आठवडा परत पाठवलेल्या अर्जांभोवती फिरतो. साधी दोनशे पानी वही. अर्ज क्रमांक, काय कमी आहे, नंबर कोणाचा, फोन कधी केला. नंबर कोणाचा हा रकाना सोडू नका. फोन लागला की पहिला प्रश्न, "तुम्ही स्वतः बोलताय का?" कॅफेवाला असेल तर घरचा नंबर मागून घ्यायचा. रोज अकरा ते साडेअकरा आणि चारनंतर अर्धा तास फक्त हे फोन. त्या वेळात काउंटरवर दुसरं कोणीतरी बसायलाच हवं, हे प्राचार्यांकडून आधीच मान्य करून घ्या. नंतर कोणी ऐकत नाही.

बाकी आठवडा सोपा आहे. ही प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाचं वेळापत्रक आलं की शेवटच्या तारखेपासून उलटं मोजा. दाखल्यांना तहसीलमधून वेळ लागतो, म्हणून उत्पन्न, नॉन-क्रिमीलेयर, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) हे दाखले लागणारे अर्ज सोमवारी-मंगळवारीच तपासा. शुक्रवारी परत पाठवलं तर शनिवार-रविवारी त्या मुलाला कचेरी बंदच मिळणार. मुदतवाढ मिळते, पण तिच्या भरवशावर एकही दिवस आखू नका.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तयार शेऱ्यांचा मला राग आहे. "कागदपत्र अवैध" एवढंच वाचून बारावीच्या मुलानं काय करायचं? कोणता दाखला, कशामुळे चालत नाही, कुठून आणायचा, हे मराठीत लिहा. दोन मिनिटं जास्त लागतील, लागू द्या. शिकायचंच असेल तर शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बसलेल्या क्लार्ककडून शिका, कोणता दाखला कुठे अडतो हे त्यांना तोंडपाठ असतं.

पहिल्या फेरीत हात थरथरतील, साइट अडकेल, पालक ओरडतील. घाबरू नका, दुसऱ्या आठवड्यात हात बसतो. फक्त संध्याकाळी घरी निघण्याआधी वही उघडा आणि ज्या नावापुढे फोनची वेळ नाही, त्याला फोन लावा.