मुलांना इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकवावेत?

इंग्रजी वाक्प्रचार अर्थासह पाठ करून घेतल्याने परीक्षेत गुण मिळतात. मात्र तेच वाक्प्रचार एखाद्या गोष्टीत आढळले की मूल शब्दशः अर्थ लावू पाहते आणि अडखळते. वाक्प्रचार प्रसंगातून समजला तरच तो मुलाच्या बोलण्यात उतरतो. तिसरी-चौथीतल्या मुलांबरोबर पुढीलप्रमाणे सुरुवात करता येईल.

पहिली पायरी मराठीची असावी. ‘नाकी नऊ येणे’ म्हणजे काय, नाकात नक्की नऊ काय आले, असे मुलाला विचारावे. घरात हे शब्द ऐकले असतील तर त्यांचा अर्थ ते आपणहून सांगेल. सुट्या शब्दांचा अर्थ एक आणि त्या सगळ्यांचा मिळून होणारा अर्थ दुसरा, ही गोष्ट मातृभाषेत पटली की इंग्रजीत ती नव्याने समजावावी लागत नाही. ‘नाकी दहा आले’ असे का म्हणत नाहीत, हेही याच वेळी बोलून घ्यावे, म्हणजे वाक्प्रचारातील शब्द मनाला येतील तसे बदलता येत नाहीत हे लक्षात राहते.

त्यानंतर दोन्ही भाषांत जुळणारे वाक्प्रचार घ्यावेत. ‘अ‍ॅड फ्युएल टू द फायर’ म्हणजे आगीत तेल ओतणे, ‘क्रोकोडाइल टिअर्स’ म्हणजे नक्राश्रू. येथे फार वेळ घालवण्याची गरज नाही.

खरे शिकवणे यापुढे सुरू होते. नवा वाक्प्रचार देताना आधी अर्थ सांगू नये, प्रसंग सांगावा. उदाहरणार्थ, मीराला सकाळपासून कणकण वाटते आहे, ती पांघरूण घेऊन पडली आहे आणि तिची आई शाळेत कळवते, ‘मीरा इज अ बिट अंडर द वेदर टुडे.’ आता मुलाला विचारावे की मीरा आज शाळेत का जाणार नाही. ‘वेदर’ म्हणजे हवामान एवढेच ठाऊक असलेले मूल कदाचित पावसामुळे असे उत्तर देईल. तेव्हा लगेच चूक न दाखवता ते पांघरूण आणि ती कणकण यांकडे त्याचे लक्ष वळवावे. अर्थ त्याने स्वतः काढल्यावर मगच सांगावे की हा वाक्प्रचार किरकोळ आजारपणासाठी आहे, गंभीर दुखण्यासाठी नाही.

काही वाक्प्रचारांमागची माहितीही मुलांना आवडते. ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे अगदी क्वचित. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला आज ‘ब्लू मून’ म्हणतात, आणि असा योग साधारण अडीच-तीन वर्षांनी येतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये अशा दोन पौर्णिमा आल्या होत्या: पहिली अधिक श्रावणातली आणि दुसरी निज श्रावणातली, म्हणजे राखी पौर्णिमा. दिनदर्शिकेचे ते पान मुलासमोर ठेवावे. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो, तेही येथे सांगता येईल.

फसवी साम्ये मात्र जपून हाताळावीत. ‘पुलिंग समवन्स लेग’ म्हणजे कुणाची गंमत म्हणून थट्टा करणे. मराठीतले ‘पाय ओढणे’ म्हणजे दुसऱ्याच्या प्रगतीत आडवे येणे. हा फरक न सांगितल्यास मूल मित्राच्या साध्या थट्टेचा भलताच अर्थ लावील.

निवडही विचारपूर्वक करावी. मुसळधार पावसासाठी ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ पाठ्यपुस्तकांत हमखास असते, परंतु आजच्या बोलण्यात ते फारसे ऐकू येत नाही; वाचताना कळले तरी पुरे. मृत्यूविषयीचा ‘किक द बकेट’ हा वाक्प्रचार हलकाफुलका असल्याने दुःखाच्या प्रसंगी तो अशोभनीय ठरतो, म्हणून लहान वयात तो टाळावा.

आठवड्याला दोन-तीन वाक्प्रचार पुरेसे आहेत. उजळणी घेताना ‘अर्थ सांग’ असे न म्हणता ‘हे तू कधी म्हणशील?’ असे विचारावे. मुलाने स्वतःच्या दिवसातला प्रसंग सांगून त्यात वाक्प्रचार नेमका बसवला, तर पुढचा घेण्यास हरकत नाही. न बसवल्यास त्याच वाक्प्रचाराचा आणखी एक प्रसंग सांगावा.