पिसदुऱ्यात मी उचललेलं ‘हाड’

एमएस्सीच्या पहिल्या फिल्डला जीवाश्म शोधायला पिसदुऱ्याला गेलो, तेव्हा डोक्यात अख्खा डायनासोर उभा होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातलं हे गाव. समोर आलं काय, तर कापणी झालेलं शेत आणि लालसर चिकणमाती. दोन तास वाकून कंबरडं मोडलं, तेव्हा सर म्हणाले, "हाडं नका शोधू, आधी माती बघा."

ही माती म्हणजे लॅमेटा नावाच्या खडकथरांचा भाग. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून हे नाव. दख्खनचा लाव्हा पसरायच्या सुमारास, सहा-सात कोटी वर्षांपूर्वी, इथं नद्या आणि तळी होती. पुराच्या पाण्यानं आणलेला गाळ ही पिसदुऱ्याची लाल माती. जवळच्या डोंगरगावला तळ्यातले थर आहेत, त्यांत माशांचे जीवाश्म मिळतात. इसिसॉरस हा लांब मानेचा डायनासोरही तिथलाच. हा फरक कळला, की कुठं काय मिळेल याचा अंदाज येतो. नाहीतर दिवसभर नुसते खडे वेचत बसाल.

मी मोठ्या ऐटीत बटाट्याएवढं एक ‘हाड’ उचललं. भिंगाखाली हाडाची जाळी दिसेना. सर हसले, "लेंडी आहे ती." विष्ठाश्म, म्हणजे दगड झालेली विष्ठा! अशा लेंड्यांवर मॅटली या भूशास्त्रज्ञानं 1939 मध्येच लिहून ठेवलंय. 2005 मध्ये तर पिसदुऱ्याच्याच लेंड्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे बारीक कण सापडले, म्हणजे डायनासोरांच्या काळात गवत होतं हे कळलं. त्यामुळे हाड नाही म्हणून टाकून देऊ नका.

माझी खरी चूक पुढं झाली. सगळे तुकडे एकाच पिशवीत कोंबले. संध्याकाळी सरांनी ती वर्तमानपत्रावर उपडी केली आणि विचारलं, "यातलं कुठलं कुठून?" मला एकाचंही सांगता आलं नाही. तेव्हापासून तुकडा उचलायच्या आधी शेजारी पेन ठेवून फोटो, जीपीएसची नोंद, आणि एकच नंबर तुकड्यावर, पिशवीवर आणि वहीत. हातोडी न्या, पण मऊ मातीत भिंग आणि ब्रशच जास्त कामाचे.

आणि शेतमालकाला आधी विचारा. आम्हाला बांधावरून एका काकांनी हाक मारली, "काय शोधून राहिले जी?" सांगितल्यावर त्यांनीच नांगराच्या फाळाला जड गोटे लागायचे तो कोपरा दाखवला.